बंद फाइलींतला हिशेब : प्रस्तावना

सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना निघाली आणि जिल्हा कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झाला. पाट्या रंगवल्या गेल्या, शिक्के नवे आले, लेटरहेड पुन्हा छापली गेली. ही कामे सोपी, कारण पाटी, शिक्का, लेटरहेड यांचा मसुदा कुणाच्या ना कुणाच्या हाताशी असतोच. अडते कुठे, तर जिल्ह्याचे नाव एखाद्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात बसलेले असते तिथे. आडतीच्या दुकानात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी फॉक्सप्रोत लिहून दिलेला हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम असतो. त्याची ईएक्सई फाइल रोज चालते, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खरखरत पट्टी काढतो आणि पट्टीच्या माथ्यावर 'जि. औरंगाबाद' येते. ते बदलायचे तर सोर्स कोड हवा. आणि तो ज्याने लिहिला तो पुण्याला गेला, किंवा गेलाच.

धाडसी माणूस अशा वेळी हेक्स एडिटर उघडतो. फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारे हे साधन. त्यात जुने नाव शोधायचे आणि त्याच्यावरच नवे लिहायचे, असा बेत असतो. पण इंग्रजी स्पेलिंगात जुन्या नावाला १० अक्षरे लागतात आणि नव्याला मधली मोकळी जागा धरून २५. मजकूर इस्की संकेतातल्या देवनागरीत असेल, तर ८ बाइटांच्या जागी १७ बसवावे लागतात. कंपाइल झालेल्या फाइलीत कोणती गोष्ट कितव्या बाइटवर आहे हे मोजून ठरलेले असते. एक नाव लांबले की पुढचे सगळे सरकते आणि प्रोग्रॅम उघडायचाच थांबतो.

नाव हा तरी वरवरचा बदल. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. पुढच्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला. या दोन्ही वेळी हिशेबाची रीतच बदलली होती. शेतकऱ्याच्या पट्टीतली कपात उचलून खरेदीदाराच्या बिलात न्यायची होती, कराचे नवे रकाने घालायचे होते. ज्यांच्याकडे सोर्स होता त्यांनी दोन दिवसांत बदलून घेतले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यापुढे तीन वाटा राहिल्या: नवे पॅकेज विकत घेऊन जुन्याला रामराम करायचा, छापून आलेल्या पट्टीवर पेनाने दुरुस्त्या करत राहायचे, नाहीतर बंद फाइल उकलून तिच्यातून सोर्स परत मिळवायचा. हे पुस्तक तिसऱ्या वाटेचे आहे. कंपाइल झालेल्या फाइलींचा अख्खा गठ्ठा एका दमात वाचण्याजोग्या कोडमध्ये उलटवणारी जी साधने आहेत, त्यांची ओळख आणि त्यांचा वापर हा त्याचा विषय.

पुस्तकातली उदाहरणे लासूर स्टेशनसारख्या बाजारगावाच्या व्यवहारातून घेतली आहेत, आणि ती तशी घ्यायला कारण आहे. गंगापूर तालुक्यातले हे गाव हैदराबादहून मनमाडला जाणाऱ्या लोहमार्गावर वाढले. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकलेला तो मार्ग पूर्वी मीटरगेज होता. मूळ लासूरगाव वेगळे, स्टेशनाभोवती उभी राहिलेली पेठ वेगळी. इथे स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. कांदा, मका, कापूस यांचा व्यापार आहे. अशा गावात सॉफ्टवेअर कंपनी नसते, पण हिशेब मोठा असतो आणि तो पुस्तकी नसतो. हमाली, तोलाई, वाराई, बारदाना, हंगामाआधी दिलेली उचल, पट्टीतून तिची वसुली, ओल्या मालाची घट: यांतले काय, कुणाकडून आणि कोणत्या क्रमाने कापायचे, हे पेठेपेठेला वेगळे. मोठ्या शहरातले तयार पॅकेज इथल्या रोजकीर्द-खतावणीला पुरे पडत नसे.

म्हणून मराठवाड्यातच नव्हे, महाराष्ट्रभरच्या बाजारगावांत १९९० च्या दशकात एक रीत पडली. संगणकाचे क्लास चालवणारा एखादा तरुण फॉक्सप्रो किंवा क्लिपर शिकलेला असे. तो दुकानात येऊन बसे, मुनीमजींना विचारी, आणि त्यांच्या तोंडून आलेले नियम कोडमध्ये उतरवी. काम झाले की ईएक्सई दुकानाच्या संगणकावर आणि सोर्स त्याच्या स्वतःच्या फ्लॉपीवर. करार तोंडी. पुढे फ्लॉपीला बुरशी आली, हार्डडिस्क भंगारात गेली. ईएक्सई मात्र एका संगणकावरून दुसऱ्यावर कॉपी होत आजच्या विंडोजमधल्या डॉसबॉक्सपर्यंत पोचली. ज्या पायावर हे सगळे उभे होते तोही दरम्यान खचला. नॅनटकेट कंपनीचे क्लिपर १९९२ मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सकडे गेले. त्याच वर्षी फॉक्स सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला.

इथे एक गोष्ट पहिल्यापासून वेगळी ठेवावी. या प्रोग्रॅमांचा डेटा बहुधा कुलपात नसतो. तो ज्या डीबीएफ फाइलींत असतो त्यांची रचना जगजाहीर आहे; लिब्रेऑफिससारखे फुकट साधनही त्या उघडते. कुणाचा किती माल आला, किती पैसे दिले, हे सगळे तिथे दिसते. अडकलेले असतात ते नियम. १०० क्विंटलांवर किती आणि का कापले, हे डेटात आकड्याच्या रूपाने दिसते, पण तो आकडा कुठून आला ते फक्त ईएक्सई जाणते. डिकंपाइल करायचे ते या नियमांसाठी.

आता मूळ क्रिया. कंपायलर माणसाने लिहिलेला कोड घेतो आणि यंत्राला सोयीच्या आज्ञांमध्ये त्याचे रूपांतर करतो. डिकंपायलर त्या आज्ञा वाचून पुन्हा माणसाला समजेल असा कोड मांडतो. मात्र मधल्या प्रवासात बरेच काही गळते. जुना सदरा उसवून त्यावरून नवा बेतणाऱ्या शिंप्याला तुकड्यांचे आकार नेमके मिळतात, पण पहिल्या शिंप्याने खडूने केलेल्या खुणा मिळत नाहीत. त्या पहिल्याच धुण्यात गेलेल्या असतात. कोडमधल्या कॉमेंट या त्या खुणा. कंपायलरला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून तो त्या टाकून देतो, आणि टाकलेले कुठलेही साधन परत आणू शकत नाही.

ही विद्या आजची नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मॉरिस हॉलस्टेड यांच्या पुढाकाराने 'डी-नेलिअॅक' नावाचा डिकंपायलर झाला. यंत्राच्या भाषेतले प्रोग्रॅम नेलिअॅक भाषेत उलटवणे हे त्याचे काम. जुने यंत्र जाऊन नवे आले की प्रोग्रॅम कसे न्यायचे, ही तेव्हाची अडचण आणि आडत दुकानाची अडचण यांत जातीचा फरक नाही. पुढे क्रिस्टिना सिफ्युएंटिस यांनी १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली आणि डॉसच्या ईएक्सई फाइलींतून सी भाषेतला कोड काढणारा 'डीसीसी' लिहिला. आधी आज्ञा ओळखायच्या, मग कुठून कुठे उड्या जातात त्याचा आलेख काढायचा, मग कोणती किंमत कुठून कुठे वाहते ते पाहायचे, आणि शेवटी आलेखातून 'जर-तर' आणि आवर्तने बांधायची, ही मांडणी आजही पायाभूत मानली जाते.

जावा आल्यावर हा विषय चव्हाट्यावर आला. १९९६ मध्ये हानपीटर व्हान व्लीट यांनी 'मोका' नावाचा जावा डिकंपायलर आणला आणि आपला कोड कुणीही वाचू शकतो हे पाहून प्रोग्रॅमर खवळले. कोड वाचता येऊ नये म्हणून नावे विसकटून टाकणारे 'क्रेमा' हे साधनही व्हान व्लीट यांनीच लिहिले. फॉक्सप्रोच्या जगातले 'रीफॉक्स' तसेच: ते फाइल उकलते आणि उकलली जाऊ नये म्हणून बंदोबस्तही करून देते. २००७ मध्ये इल्फाक गिल्फानोव यांचा हेक्स-रेज आला, तो महागडा आणि व्यावसायिकांचा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने आपले 'गिद्रा' सर्वांसाठी फुकट खुले केले. तालुक्याच्या गावातला पॉलिटेक्निकचा विद्यार्थी या कामाला बसू शकतो, ही सोय तेव्हापासूनची.

किती परत मिळते, हे मूळ भाषेवर ठरते. फॉक्सप्रो यंत्राच्या थेट आज्ञा बनवतच नाही. ती आपल्या कोडचे आटोपशीर सांकेतिक रूप करते आणि चालवताना ते वाचते. त्यात चलांची नावे जवळजवळ शाबूत राहतात. म्हणून फॉक्सप्रोची उकल सुखाची: कॉमेंट सोडल्या तर बहुतेक सोर्स हाती येतो. क्लिपरही सांकेतिक रूपच वापरते, पण पाचव्या आवृत्तीपासून 'लोकल' म्हणून जाहीर केलेल्या चलांची नावे फाइलीत राहत नाहीत. फंक्शनांची आणि टेबलांतल्या रकान्यांची राहतात. जावाच्या क्लास फाइलीत मेथडांची नावे मिळतात. पायथनच्या पीवायसी फाइलीत तर स्थानिक चलांचीही नावे असतात, पण प्रत्येक पायथन आवृत्तीचा संकेत वेगळा, आणि 'अनकंपाइल सिक्स'सारखे साधन ३.८ च्या पुढे जात नाही. सी किंवा सी-प्लस-प्लस असेल तर सर्वांत खडतर. तिथे नावे नाहीत, प्रकार नाहीत. शिवाय आज्ञा कोणती आणि डेटा कोणता हेही एकाच स्मृतीत मिसळलेले असते. ते दोन्ही सर्व वेळी अचूक वेगळे करणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणून सी-वरच्या उकलीत साधन अंदाज करते. त्याचा शब्द वेदवाक्य धरू नये.

मग गठ्ठ्याने का? एकेक फाइल उघडून का नाही? हा या पुस्तकाचा गाभ्यातला प्रश्न आहे, आणि वेळ वाचतो एवढेच त्याचे उत्तर नाही. बाजारातला प्रोग्रॅम कधीच एक फाइल नसतो. आवक नोंदीचा स्क्रीन वेगळा, पट्टीचा वेगळा, खरेदीदाराच्या बिलाचा वेगळा, मेनू वेगळा. फॉक्सप्रोत तर प्रोग्रॅम, स्क्रीन आणि मेनू यांच्या कंपाइल झालेल्या फाइलींचे शेवटही निरनिराळे. रुपयाचे पूर्णांक करणारे फंक्शन एका फाइलीत असते आणि त्याला साऱ्या फाइली हाक मारतात. आडतीचा दर सुरुवातीच्या फाइलीत ठरतो आणि वापर होतो चार फाइली पलीकडे. पट्टीची फाइल एकटी उलटवली, तर तिच्यात दर फक्त एक नाव म्हणून दिसतो; त्याची किंमत, आणि ती कोण बदलते, हे सांगायला तिथे कुणी नसते. सगळ्या फाइली एका वेळी उलटवल्या म्हणजे कोण कुणाला बोलावतो याचा तक्ता बनतो, एका फंक्शनला सर्व ठिकाणी एकच नाव देता येते, आणि मुख्य म्हणजे कोणती फाइल उलटली नाही ते कळते. एकेक करणारा माणूस न उलटलेली फाइल 'उद्या पाहू' म्हणून बाजूला ठेवतो आणि विसरतो.

गठ्ठ्याच्या कामाची शिस्त पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे तिचा कणा सांगतो. चालू संगणकावर काहीही करायचे नाही. सगळ्या फाइलींची प्रत घ्यायची आणि प्रत्येकीचा हॅश काढून लिहून ठेवायचा, म्हणजे पुढे मूळ फाइल हीच होती हे दाखवता येते. मग प्रत्येक फाइल कोणत्या भाषेची, कोणत्या आवृत्तीची ते ठरवायचे. फाइलीच्या नावावर भरवसा नको, आतले पहिले बाइट पाहायचे. पायथनच्या फाइलीत पहिले ४ बाइट आवृत्ती सांगतात. जावाच्या क्लास फाइलीचे पहिले ४ बाइट हेक्समध्ये वाचले तर 'कॅफे बेब' असे गमतीदार शब्द उमटतात आणि त्यांच्या मागोमाग आवृत्तीचा आकडा येतो. मग साधनाला गठ्ठा द्यायचा: फोल्डरांची रचना तशीच ठेवून, प्रत्येक फाइलीला वेळेची मर्यादा घालून. एखाद्या फाइलीवर साधन अडकले तर तिची नोंद करून त्याने पुढे गेले पाहिजे. एका खोडकर फाइलीपायी रात्रभराचे काम वाया जाता कामा नये. गिद्राला खिडकी न उघडता आज्ञावलीतून असे चालवता येते, जावासाठी 'सीएफआर' आणि 'फर्नफ्लॉवर', डॉटनेटसाठी 'आयएलस्पाय', अँड्रॉइडसाठी 'जॅडएक्स' याच रीतीने चालतात. जावाचे दोन डिकंपायलर एकाच गठ्ठ्यावर चालवून जिथे त्यांचे मत जुळत नाही तेवढ्याच जागा डोळ्यांनी वाचणे, ही वेळ वाचवणारी खरी युक्ती.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. निघालेला कोड छान दिसतो म्हणून तो बरोबर आहे असे होत नाही. तो पुन्हा कंपाइल करायचा, जुनी ईएक्सई आणि नवी ईएक्सई एकाच डेटावर चालवायच्या आणि मागच्या एका पूर्ण हंगामातल्या सगळ्या पट्ट्या पैशापैशाने ताडून पाहायच्या. ५० पैशांचा पूर्णांक वर जातो की खाली, ओळीओळीने होतो की बेरजेवर एकदाच, अशा जागी फरक सापडतो. आणि तो एका पट्टीत ५० पैशांचा असला तरी हंगामभराच्या पट्ट्यांत शेतकऱ्याच्या किंवा आडत्याच्या खिशात दिसण्याइतका होतो.

मराठीत काम करणाऱ्यासमोर आणखी एक भिंत येते, तिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. निघालेल्या कोडमध्ये अवतरणातला मराठी मजकूर अनेकदा अगम्य चिन्हांचा ढीग म्हणून दिसतो. फाइल बिघडली असे वाटते, पण ती बिघडलेली नसते. युनिकोड रुळण्याआधी संगणकावरची मराठी दोन तऱ्हांनी लिहिली जाई. एक इस्की: १९९१ मध्ये भारतीय मानक झालेला अक्षरांचा संकेत, ज्याचा प्रसार पुण्याच्या सीडॅकने जिस्ट कार्डांतून केला. दुसरी फॉन्टची: सीडॅकचे इस्फॉक फॉन्ट, मॉड्युलरचे श्रीलिपी आणि तशीच इतर, त्यांत अक्षर नव्हे, अक्षराचा तुकडा साठवला जाई, आणि प्रत्येकाची तुकड्यांची जागा वेगळी. डिकंपायलर हे बाइट प्रामाणिकपणे जसेच्या तसे देतो. ते वाचायला आधी तो प्रोग्रॅम इस्कीवर की कोणत्या फॉन्टवर चाले ते ओळखून, मग युनिकोडमध्ये उलटवावे लागते. तिसरे प्रकरण पूर्ण याच कामाला दिले आहे, कारण मराठी प्रोग्रॅमात नियमाचा अर्थ पुष्कळदा त्याच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या मजकुरातूनच उमगतो.

अर्थाचा प्रश्न आला की साधन थांबते आणि माणूस सुरू होतो. समजा, निघालेल्या कोडमध्ये एक ओळ सापडते: नगांच्या संख्येला अर्ध्याने गुणायचे आणि ते वजनातून वजा करायचे. क्लिपरचा प्रोग्रॅम असेल तर चलाचे नावही नाही, नुसता क्रमांक आहे. यंत्राच्या दृष्टीने सगळे स्पष्ट आहे. पण हे अर्धे म्हणजे काय? जुने मुनीमजी स्क्रीनकडे पाहून सहज म्हणतील, ''अहो, ते बारदान्याचं. गोणीमागं अर्धा किलो.'' आता ओळीला अर्थ आला आणि त्याबरोबर प्रश्नही आला: कांदा ट्रॉलीत सुटा येऊ लागला, गोणीच नाही, तर हे वजन कशाचे वजा होते? प्रोग्रॅमात सुट्या मालासाठी वेगळी वाट आहे, की तिथेही काही वजा होते? कायदेशीर बारदाना कुठे संपतो आणि शेतकऱ्याच्या वजनातून नुसती रूढीने होणारी काट कुठे सुरू होते, हे त्या एका ओळीच्या पुढच्या-मागच्या ओळींवरून सिद्ध होऊ शकते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की डिकंपाइल करणे हे हिशेब तपासण्याचे काम आहे. प्रोग्रॅमातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी पैशावर चालतो. वहीतला हिशेब लेखापरीक्षक वाचू शकत होता. ईएक्सईतला वाचता येत नाही म्हणून तो निमूट मान्य होतो. संगणकाने काढले म्हणजे बरोबरच, हा समज बाजारात खोलवर रुजला आहे. बंद फाइल उघडली की तो नियम पुन्हा चर्चेत येतो. साधन यातले सोपे अर्धे काम करते, यंत्राला काय सांगितले होते ते दाखवते. ते का सांगितले होते, आणि आज ते तसेच सांगायचे का, हे उरलेले अर्धे ज्यांना बाजार कळतो त्यांनीच करायचे. तेव्हा या कामाला एकट्या प्रोग्रॅमरला बसवू नये. शेजारी मुनीमजी हवेत, आणि जमले तर एखादा शेतकरीही.

अलीकडे नावे नसलेल्या चलांना नावे सुचवायला भाषिक एआय वापरतात. वापरावे, वेळ वाचतो. मात्र ते नाव म्हणजे संभाव्य अर्थ असतो आणि तो खात्रीच्या सुरात येतो. 'गुणिले अर्धा' पाहून एआय त्याला 'सवलत' म्हणेल आणि वाचणाऱ्याला तो बारदाना पुन्हा दिसणार नाही. चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा घातक, कारण क्रमांक पाहून माणूस विचारतो तरी. म्हणून या पुस्तकात एक शिस्त पाळली आहे: मुनीमजींनी किंवा छापील मजकुराने दुजोरा दिल्याशिवाय चलाचे यांत्रिक नाव पुसायचे नाही.

याच विद्येची दुसरी बाजू पुण्यात वाढली. रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून संगणकाकडे वळले. १९९० च्या दशकात त्यांचे बंधू संजय यांनी दुकानात येणाऱ्या संगणकांतले व्हायरस उकलून त्यांवर उतारा लिहायला सुरुवात केली आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. व्हायरस लिहिणारा सोर्स कधीच देत नाही; जे आहे ते बंद फाइलीतूनच वाचावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून मालवेअरच्या साहाय्याने ९४ कोटींहून अधिक रुपये काढले गेले, त्यांतले बहुतेक अनेक देशांतल्या एटीएममधून. अशा हल्ल्यांनंतरचा तपासही शेवटी घुसवलेल्या फाइलींच्या उकलीवर येतो. अँटिव्हायरसच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचे ढीग येतात, तेव्हा गठ्ठ्याने उकलणे हीच तिथली रोजची रीत. लहान सहकारी बँका आणि पतसंस्थांनी हे परके शास्त्र समजू नये, म्हणून शेवटचे प्रकरण त्यावर आहे.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. १९५७ चा कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. पैसे देऊन लिहून घेतला म्हणून प्रोग्रॅमचा हक्क आपोआप दुकानदाराचा होत नाही. पगारी नोकराने लिहिला तर गोष्ट वेगळी, पण बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला असेल तर हक्क लेखी करून घ्यावा लागतो. लेखक हयात नसेल तरी हक्क ६० वर्षे वारसांकडे राहतो. दुसऱ्या बाजूला, त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये रीतसर प्रत बाळगणाऱ्याला काही मोकळीक आहे: ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला त्या कामासाठी त्याची प्रत किंवा रूपांतर करणे, इतर प्रोग्रॅमशी तो जोडण्यासाठी लागणारी आणि अन्यथा न मिळणारी माहिती काढणे, त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी तो तपासणे. ही मोकळीक आपली पट्टी दुरुस्त करण्यापुरती आहे. उकललेला कोड नाव बदलून शेजारच्या पेठेत विकण्याला तिचा आधार नाही. मूळ लेखक किंवा त्याचे घरचे सापडत असतील तर आधी त्यांना फोन करावा, लेखी परवानगी घ्यावी आणि मोबदला द्यावा. अनेकदा जुनी सीडी त्यांच्याच कपाटात निघते आणि या पुस्तकाची गरजच उरत नाही. परवाना-करारात डिकंपाइल करण्यावर बंदी असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुस्तक कसे वाचावे? प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असलेल्याने क्रमाने वाचावे. ज्यांना फक्त फॉक्सप्रोचे काम आहे त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकरणांनंतर थेट सहावे घ्यावे. बाजार समितीचे सचिव, पतसंस्थेचे व्यवस्थापक, आडत दुकानाचे मालक यांनी कोडची पाने वगळली तरी चालेल, पण पट्ट्या ताडून पाहण्याचे आणि करारांचे प्रकरण चुकवू नये. त्यासाठी संगणक यावा लागत नाही.

आणि ते वाचण्याची घाई आजच करावी. १९९५ चा तरुण ईएक्सई देऊन गेला; २०२० चा तरुण पायथनमध्ये लिहून पायइन्स्टॉलरने बांधलेली ईएक्सई देऊन गेला. भाषा बदलली, सवय तीच. तरी या दोन्हींत फाइल आपल्या संगणकावर होती, तिची प्रत घेता येत होती आणि वेळ आली तर ती उकलता येत होती. आता हिशेब महिन्याच्या वर्गणीवर कुणाच्या तरी सर्व्हरवर चालतो. दुकानात फक्त ब्राउझर असतो. तिथे नियम बदलला तर पट्टीचा आकडा बदललेला दिसेल, पण उकलायला फाइलच हाती नसेल. जगातला कुठलाही डिकंपायलर तिथे चालत नाही. त्यामुळे हे पुस्तक मागच्या तीस वर्षांच्या फाइलींसाठी उपयोगी पडेल; पुढच्या तीस वर्षांसाठी उपाय एकच आहे, आणि तो तांत्रिक नाही. सॉफ्टवेअर घेताना सोर्सची प्रत संस्थेच्या तिजोरीत, कपातीचे सगळे नियम साध्या मराठीत लिहून करारासोबत, आणि डेटा कधीही खुल्या स्वरूपात परत घेण्याचा हक्क: हे तीन मुद्दे संचालक मंडळाच्या ठरावात आले पाहिजेत. ते आले तर पुढच्या पिढीला अशा पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढावी लागणार नाही, आणि तसे झाले तर प्रस्तावना लिहिणाऱ्याला आनंदच आहे.